त्रेसष्ट नंबर दिसला

घरून,
शुक्रवार, ता. ३ एप्रिल

चि. पोपटास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चोपन्नाव्या वर्षी तरी मला पोपट म्हणू नकोस असं तू लिहितोस. पाकिटावर मी तुझं पूर्ण नाव घालते, आत काय लिहायचं ते माझं मी बघीन. लहानपणी कोणी विचारायच्या आधी तू बोलायचास, अजूनही बोलतोस. मग नाव कसं बदलायचं?

फोन का उचलत नाहीस म्हणून रागावलायस. अरे बाबा, छापखान्याच्या बांधणी खात्यात सत्तावीस वर्षं मी घडीयंत्राशेजारी उभी राहत आलेय. ते यंत्र कागदाच्या घड्या घालतं आणि माणसाचे कान खातं. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि पलीकडून तू काय बोलतोस त्यातलं मला फक्त 'हं' कळतं. तेव्हा लिहीत जा. तुझं अक्षर वाईट आहे, पण निदान शिट्टी मारत नाही.

आता मुद्द्याचं. भिंगरी पुन्हा शर्यतीत उतरतेय ही बातमी मला तुझ्या पत्रातून कळावी, याचं मला काय वाटलं ते लिहीत नाही. पोटची मुलगी बसने दोन तासांवर खोली घेऊन राहते, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्या हलवते, आणि दोन वर्षांत आमच्यात एक ओळ नाही. उतारावर पडली, डावं मनगट आणि गळ्याखालचं हाड मोडलं, आत पट्ट्या घालाव्या लागल्या. तेव्हा हॉस्पिटलात तिच्या खाटेशी उभी राहून मी म्हटलं होतं की सायकल किंवा आई, काय ते एक ठरव. ती बरी झाली आणि सायकल घेऊन गेली. असला प्रश्न विचारायचाच नसतो. मी विचारला.

शर्यत तुमच्या इमारतीखालून जाणार म्हणतोस. मी येणार नाही, मला बघवणार नाही. तू मात्र उभा राहा, सौ.ला आणि लेकीलाही ने. मला एवढंच कळव की डावा हात हँडलवर नीट टेकते का, की सगळा भार उजव्यावर टाकते. आणि चेहरा कसा आहे, घाबरलेली वाटते का. मी विचारलंय हे तिला कळू देऊ नकोस. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीबाही लिहू नकोस, दिसेल ते लिही.

सौ.चा गुडघा कसा आहे? तिला जिने चढायला लावू नकोस. माझी चिडचिड मनावर न घेता लोभ ठेव.

तुझी,
अक्का

•

दुकानातून,
सोमवार, ता. १३ एप्रिल

ती. अक्कास,
पोपटाचे (घे, मीच लिहिलं) सा. न. वि. वि.

कालचा रविवार कसा गेला ते सविस्तर लिहितो, कारण ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

पत्रकात लिहिलं होतं की बायकांची शर्यत सव्वानऊला आमच्या कोपऱ्यावरून जाईल. सहाला रस्ता बंद होणार, म्हणून आम्ही साडेसहाला खाली उतरलो. हिने थर्मास घेतला, उकडलेली अंडी घेतली, बसायला घडीची स्टुलं घेतली. लेकीने दोन संध्याकाळी खपून पुठ्ठ्याचा फलक रंगवला होता, 'भिंगरी, हाण!' खाली मोठ्ठा त्रेसष्ट, तिचा नंबर. कोपऱ्यावर चढ आहे, तिथे सगळ्यांचा वेग कमी होतो, म्हणून चेहरा नीट दिसेल असा माझा हिशोब होता. अगदी दोरीला लागून जागा धरली.

सात वाजता पिवळ्या जाकिटातला एक स्वयंसेवक आला आणि म्हणाला की दोरी दोन हात मागे घ्यायचीय. घेतली. आठ वाजता दुसरा आला आणि म्हणाला की इथे मुळी उभंच राहायचं नाही, रुग्णवाहिका वळायला जागा लागते. मी त्याला पहिल्याचं सांगितलं, तर तो म्हणे पहिला कोण ते त्याला ठाऊक नाही. आम्ही चंबूगबाळं उचलून समोरच्या फुटपाथवर गेलो. तिथे ऊन थेट डोळ्यांत. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तरही आमच्यात सामील झाले. त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती आणि जे जे चाकांवरून जाईल त्याला ते शिट्टी वाजवत होते. दूधवाल्यालासुद्धा.

सव्वानऊ झाले, कोणी नाही. साडेनऊला मोटरसायकली आल्या, आम्ही उठून ओरडलो. त्यांच्यामागून आले साठीच्या पुढचे हौशी गडी, त्यांची शर्यत वेगळी होती. पुन्हा बसलो. दहाला आली कुमारगटाची मुलं. पुन्हा उठलो, ओरडलो, बसलो. हिचा गुडघा बोलायला लागला. मध्येच पाच मिनिटं असा शिंतोडा आला की लेकीचा रंग ओघळून 'हाण'चा 'हा' गेला आणि फलकावर नुसता 'ण' राहिला. ती रडकुंडीला आली. पिवळ्या जाकिटाला उशीर का म्हणून विचारलं, तर म्हणे मागे कुठेतरी सिमेंटचं मिक्सर आडवं झालंय. मग हे लाउडस्पीकरवर सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला की लाउडस्पीकर त्याच्या खात्यात येत नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी बायका आल्या. आणि अक्का, तुला खोटं वाटेल, पण त्याच घटकेला संयोजकांचीच पाण्याच्या बाटल्यांची व्हॅन आमच्या नाकासमोर येऊन थांबली. आतला माणूस शांतपणे खोकी उतरवायला लागला. मी व्हॅनच्या पत्र्यावर थापा मारल्या. मास्तरांनी शिट्टी वाजवली. पन्नासएक जणी नऊ सेकंदांत निघून गेल्या. चार तास आणि नऊ सेकंद!

पण काळजी करू नकोस. व्हॅनच्या पुढच्या बाजूने मान काढून मी बघितलं. त्रेसष्ट नंबर दिसला. घोळक्याच्या मधोमध होती. डावा हात हँडलवर अगदी घट्ट, अंग सरळ, कुठेही झुकलेली नव्हती. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. उलट दात दिसत होते, म्हणजे हसत असावी. तुझी मुलगी बरी आहे, अक्का. आता निवांत झोप.

संयोजकांना मी कडक पत्र लिहिणार आहे. तुझा राग असेल तेवढा असू दे, माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
पोपट

ता. क. अक्का, नमस्कार. पत्र टाकायला मी निघाले, तेव्हा वाचलं. ह्यांनी फार सुंदर लिहिलंय. मीही तिथेच, ह्यांच्या कोपराला कोपर लावून उभी होते. व्हॅनबद्दल लिहिलेलं सगळं अगदी खरं आहे. – तुमची भावजय

•

खोलीवरून,
मंगळवार, ता. १४ एप्रिल

ती. मामास,
भिंगरीचा सा. न.

तुम्ही सगळे रविवारी कोपऱ्यावर थांबणार होतात हे मामीच्या चिठ्ठीतून कळलं होतं. किती वेळ थांबलात? माझी वाट बघून शेवटी घरी गेला असाल. मला माफ करा. मी आलेच नाही.

पडले-बिडले नाही. मी निघालेच नाही, मामा.

आम्ही अठ्ठावन्न जणी सुरुवातीच्या पट्ट्यामागे उभ्या होतो. आमच्या बुटाच्या तळाला एक खटका असतो, तो पेडलमध्ये अडकवायचा असतो. उजवा आधीच अडकवून ठेवतात, डावा पाय जमिनीवर. शिट्टी झाली की डावा उचलायचा आणि निघायचं, एवढंच. शिट्टी झाली. सगळ्यांचे खटके वाजले, टक टक टक, आणि माझा डावा पाय उठला नाही. दुखत नव्हता. थरथरतही नव्हता. मी त्याला मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या, पण तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा तिथे होता. मागच्या जणी माझ्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेल्या. एकीने काहीतरी विचारलं, ते ऐकूही आलं नाही.

मग एक अधिकारी आला. पंक्चर आहे का म्हणून त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने वाकून दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघितली. दगडासारखी टणक होती. माझ्या पाठीवरचा नंबराचा कागद काढून घेतला आणि निघून गेला. रस्त्यावरचे शंकू गोळा करणारी माणसं माझ्यापर्यंत आली तरी मी तशीच उभी होते. एक पाय अडकलेला, एक जमिनीवर.

सात महिने रोज पहाटे उठले. मनगट शंभर टक्के बरं आहे, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. मग मी चिडू कोणावर? पडले असते तर निदान सांगायला काही असतं. आज प्रयोगशाळेत तीन नमुन्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि साहेबांची बोलणी खाल्ली. खरं तर बरं वाटलं, कोणीतरी ओरडलं म्हणून.

एकच मागणं आहे. आईला यातलं काही कळवू नकोस. तिला आनंद होईल, आणि तिचा आनंद मला आत्ता सोसणार नाही.

मामीला नमस्कार, धाकटीला गोड पापा. अशी भाची नको म्हणून हाकलून देऊ नका.

तुझी,
भिंगरी

•

घरून,
शुक्रवार, ता. १७ एप्रिल

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. व्हॅनवाल्याला माझ्याकडूनही दोन शब्द सुनाव. पण तू मान काढून बघितलंस, ते फार बरं केलंस. 'डावा हात हँडलवर अगदी घट्ट' ही ओळ मी जेवणाच्या सुट्टीत खात्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवली. कटिंग मशीनवरचा तो घुमा माणूस आहे ना, जो महिनोन् महिने तोंड उघडत नाही, तोही म्हणाला की बाई, आता पेढे काढा. काढले.

आणि आणखी एक केलं. तिला पत्र लिहिलं. सकाळी सहाला बसले ते कामावर जायची वेळ झाली तरी लिहीतच होते. चार कागद फाडले. शेवटी एकच पानभर लिहिलं. वरच्या निम्म्यात अभिनंदन, आणि खालच्या निम्म्यात मला दोन वर्षं जे लिहायचं होतं ते. हॉस्पिटलातलं. ते काय ते तुला सांगत नाही, तू बोलून टाकशील. तूच बातमी दिलीस हे मात्र लिहिलंय, तेवढं श्रेय तुला दिलं. तुझं पत्र आलं नसतं, तर माझ्या हातून ते पान लिहिलं गेलं नसतं.

गेले तीन दिवस मी घडीयंत्राशी गाणं म्हणत काम करतेय. मला स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे बाकीच्यांचे हाल चाललेत.

सौ.च्या ता. क.चा अर्थ मला नीट लागला नाही. गुडघा फार दुखत होता का? तिला जप, आणि माझ्यावरची माया अशीच वाढती राहू दे.

तुझी,
अक्का

•

खोलीवरून,
सोमवार, ता. २० एप्रिल

मामा,

नमस्कार वगैरे नंतर.

शनिवारी आईचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. दोन वर्षांनी. आणि उघडलं तर काय, माझं अभिनंदन! मी घोळक्याच्या मधोमध होते म्हणे. माझा डावा हात घट्ट होता. मी हसत होते. हे सगळं तिला तू कळवलंस.

तू काय बघितलंस, मामा? मी तेव्हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते.

तुला माझी दया आली, की तिची, की स्वतःची, मला माहीत नाही. पण पत्राच्या खालच्या भागात तिने माझी माफी मागितलीय. माझ्या आईने. ती कोणाची माफी मागत नाही, तुला ठाऊक आहे. ती ओळ मी किती दिवस मनात ऐकत होते. आणि आली ती जी बाई सायकलवरून तुमच्या कोपऱ्यावरून गेली तिच्या नावाने आली. ती बाई नाहीच! मग ही माफी मी कोणत्या तोंडाने घेऊ? आणि परत तरी कशी पाठवू?

मी तिला काही कळवू नकोस म्हटलं होतं, ते मागे घेते. आता कळव. सगळं, पहिल्यापासून. मी निघाले नाही हेही तूच लिही, तुझ्याच त्या वाईट अक्षरात. गुरुवारपर्यंत लिहिलं नाहीस, तर मी लिहीन, आणि मी तुझ्याइतकं सुंदर लिहीत नाही.

राग आहे. पण मामीला नमस्कार सांग.

भिंगरी

•

दुकानातून,
मंगळवार, ता. २१ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आणि खात्यात तर मुळीच वाचू नकोस.

मला त्रेसष्ट नंबर दिसला नव्हता. हिला दिसला नाही, लेकीला दिसला नाही, मास्तरांनाही दिसला नाही. व्हॅनच्या कडेने मला एक डावं कोपर दिसलं, ते कोणाचंही असेल. बाकीचं मी लिहिलं.

आणि ती दिसणार तरी कशी होती? ती शर्यतीत निघालीच नाही. सुरुवातीच्या पट्ट्यावर उभी राहिली, शिट्टी झाली, आणि तिचा डावा पाय जमिनीवरून उठला नाही. लागलेलं काही नाही, हात बरा आहे. निघाली नाही एवढंच. हे मला तिच्या पत्रातून १६ तारखेला कळलं. तिने तुला सांगू नकोस म्हटलं होतं, त्या शब्दाच्या आड मी लपलो. तुझं ते आनंदाचं पत्र हातात पडायला अजून चार दिवस होते. तेवढ्यात तुला एक कार्ड टाकता आलं असतं. त्या चार दिवसांत मी दुकानातल्या चष्म्यांच्या सगळ्या फ्रेमी पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या.

असं का लिहिलंस म्हणून विचारशील. मी सबबी सांगत नाही, घडलं तसं सांगतो. रविवारी आम्ही वर आलो तेव्हा लेक फलक दाराआड टाकून खोलीत गेली, ही गुडघ्याला शेक घेत बसली, आणि मला इतका संताप आला होता की दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच कागद घेऊन बसलो. दोरी, जाकीट, व्हॅन, सगळं भराभर उतरलं. मग तुझं विचारणं आठवलं. चार तास उभं राहून 'दिसली नाही' असं लिहायची मला लाज वाटली, अक्का. तू एवढंच मागितलं होतंस आणि तेवढंही माझ्याकडून झालं नाही. तेव्हा वाटलं, गेली तर असणारच, हात धरलेला असणारच, मग लिहिलं तर काय बिघडलं? लिहिता लिहिता ती मला दिसायलाच लागली. दातांसकट.

हिने ते पत्र पेटीत टाकण्यापूर्वी मला जिन्यात थांबवून विचारलं होतं की हे असंच टाकायचं का. मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतेय. काल मात्र म्हणाली की तीस वर्षं मी लोकांना चष्मे घालतोय, आता कोणीतरी मलाही एक घालावा.

तू भिंगरीला जे लिहिलंस ते माझ्यामुळे लिहिलंस, आणि ते चुकीच्या पायावर उभं राहिलं. मला ते परत आणता येत नाही. तिथे जाऊन तिला भेटू का, तुझ्याकडे येऊ का, काय करू ते सांग. काहीच करू नको म्हणालीस तर तेही करीन, जरी मला ते जमत नाही.

लोभ असावा असं आज कोणत्या तोंडाने लिहू? थोडा शिल्लक असला तर बाजूला काढून ठेव.

तुझा,
पोपट

•

घरून,
सोमवार, ता. २७ एप्रिल

पोपटास,
आशीर्वाद लिहायला हात होत नाही, पण सवय आहे म्हणून अ. आ.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, आणि खात्यातच. दुपारपर्यंत हातातल्या घड्या वाकड्या पडल्या. पेढे खाल्लेल्या सगळ्यांना मी एकेकाकडे जाऊन खरं काय ते सांगितलं, कारण ते मी सांगायचं होतं, तू नाही. लहानपणापासून मी तुला पोपट म्हणत आले, या वेळी तू माझा पोपट केलास. मला तुझा राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. मी तुला स्पष्ट लिहिलं होतं की बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. 'दिसली नाही' हे दोन शब्द लिहिले असतेस, तर मी चिडले असते, व्हॅनला शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता.

तू कुठे जाऊ नकोस म्हणून मीच गेले. शनिवारी पहिली बस धरली. न कळवता. तिने दार उघडलं, मला बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे की ती शर्यतीत नव्हती. मी म्हटलं की माहीत आहे. तिची खोली लहान आहे. सायकल भिंतीला टांगलेली, तिच्या खाली खाट, म्हणजे झोपताना डोळ्यांसमोर चाक. शेजारी खिडकी, एक खुर्ची. खुर्ची तिने मला दिली.

मग आम्ही भांडलो. चांगलं दणकून भांडलो, दोन वर्षांचं साचलेलं. माझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारायला लागलं, घरमालकीण येऊन दार वाजवून गेली. भिंगरीचं म्हणणं असं की मी तिची माफी मागितली, ते केवळ ती जिंकून आल्यासारखी दिसली म्हणून. हरलेल्या मुलीची मागितली असती का? मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं की बहुतेक नसती मागितली, भित्री आहे मी. ती म्हणाली की मग हे पत्र तिचं नाही, परत घे. आणि तिने ते उशीखालून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. घडी करून करून त्याच्या रेघा पांढऱ्या पडल्या होत्या. इतक्या वेळा उघडलं होतं तिने.

मी म्हटलं की अभिनंदन परत घेते, ते चुकून आलं होतं. माफी परत घेणार नाही, ती माझी नाही आता. ती म्हणाली की एकाच कागदावर आहे, वेगळं कसं करणार? तिला वाटलं मी गप्प बसेन. अरे, सत्तावीस वर्षं मी करतेय काय? तिच्या ओट्यावरची सुरी घेतली, कागद मधोमध दुमडला, नखाने घडी दाबली आणि सुरी लावली.

पण मध्ये एक ओळ होती. अभिनंदन संपतं आणि माफी सुरू होते त्या जागी मी लिहिलं होतं, 'तू पुन्हा सायकलवर बसलीस आणि मी तिथे नव्हते.' घडी बरोबर तिच्यावर येत होती. ती म्हणाली की ओळीखाली काप, ही ओळ खोटी आहे, वरच्या तुकड्यात जाऊ दे. मी म्हटलं की खोटी कशी? त्या दिवशी सायकलवर बसली होतीस ना? उजवा बूट अडकवला होतास? तर हो म्हणाली. मग बसली होतीस. निघाली नाहीस, ते वेगळं. आणि मी तिथे नव्हते, तेही खरं.

ती टांगलेल्या सायकलीचं मागचं चाक बोटाने फिरवत राहिली. मग म्हणाली की ओळीच्या वर काप.

मी वर कापलं. खालचा तुकडा तिच्याकडे आहे, ती ओळ धरून. वरचा माझ्या पर्समध्ये आहे, तुला पाठवणार होते, पण नको, तू जपून ठेवशील.

एवढ्यावर सगळं गोड झालं असं समजू नकोस. परत येताना बस थांब्यापर्यंत आली, पण अर्धा रस्ता पुढे पुढे चालत होती. जूनमध्ये आणखी एक शर्यत आहे. नाव घालायचं की नाही हे तिचं ठरलेलं नाही, आणि घातलं तरी पाय उठेल की नाही हे तिला सांगता येत नाही. विचारलं की चिडते. मी पण चिडते. दोघींचं तोंड सारखंच आहे हे त्या घरमालकिणीलाही कळलं.

पण मी एक ठरवलंय, आणि तिला सांगितलंही. तुम्ही सगळे जण कोपऱ्यावर, चढावर, शेवटच्या रेषेवर उभे राहता, टाळ्या वाजवायला. तिथे जो पोहोचतो तो पोहोचलेलाच असतो. जूनमध्ये ती गेली, तर मी सुरुवातीच्या पट्ट्यापाशी उभी राहणार आहे, दोरीच्या अलीकडे, तिच्या डाव्या हाताला. ओरडणार नाही. ती म्हणाली की त्याने काही फरक पडणार नाही. मी म्हटलं की नको पडू दे. तिने पाय उचलला, तर मी पुढची बस धरून घरी येईन. नाही उचलला, तर परत चालत जाताना तिला सोबत होईल.

सौ.ला माझा नमस्कार सांग, तिचा ता. क. आता कळला. तुझ्यावरचा राग काही दिवस राहील, त्याच्या खाली लोभ आहे, तो शोधत बसू नकोस.

तुझीच,
अक्का